सीताराम सावंतांची दोन कार्डं

परळ, मुंबई
११ फेब्रुवारी १९५९

ती. पद्मजाताईस धाकट्या रघुवीरचा नमस्कार पोचावा. इकडे सगळे धडधाकट आहेत, म्हणजे मी सोडून. पण माझं पुढे सांगतो. भाऊजींचा दमा कसा आहे? थंडी सरेपर्यंत त्यांना पहाटे विहिरीवर जाऊ देऊ नकोस. (ते ऐकणार नाहीत. हेडमास्तर कुणाचं ऐकत नाहीत, हे मी त्यांच्याच वर्गात शिकलो.)

आमच्या इस्पितळात यंत्र आलं, हे दिवाळीत कळवलं होतंच. तेव्हापासून केसपेपरांची लाल फडक्यातली गाठोडी माळ्यावर गेली आणि रोग्यांची नावं जाऊन नंबर आले. जाड कार्डावर त्या नंबराची, वयाची, रोगाची भोकं पाडायची आणि कार्डं यंत्रात घालायची. ते खडखड करत मेलेले एका कप्प्यात टाकतं, बरे झालेले दुसऱ्यात आणि अजून खाटेवर असलेले तिसऱ्यात. भोकं पाडायला माझी नेमणूक झाली. (आईला वाटतं, बढती मिळाली.) आमचे हेडक्लार्क चिंतामणराव तीस वर्षं नुसत्या गाठीवरून गाठोडं ओळखायचे. आता ते फडकं घेऊन यंत्रावरची धूळ पुसतात आणि पुसताना त्याला हळूच शिव्या देतात.

गेल्या गुरुवारी यंत्राने सीताराम सावंत यांचं कार्ड पहिल्या कप्प्यात टाकलं. लगेच लालबागच्या चाळीत निरोप गेला. तासाभरात त्यांची बायको सुंदराबाई आली, मागून अख्खी चाळ, बांबू, कामट्या, मडकं सगळं घेऊन. मी कागद घेऊन शवागारात सोबत होतो. तिने चादर वर केली, बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो माजो घोव न्हय." आम्हाला वाटलं, दुःखाने भ्रमली. तेवढ्यात ती जिन्याकडे धावली. वर वॉर्डात तिचा नवरा सतरा नंबरच्या खाटेवर बसून पेज मागत होता, आणि परिचारिका त्याला सांगत होती की यादीत तुम्ही नाही, तुम्हाला पेज मिळणार नाही. बायकोचं रडणं बघून तो घाबरला.

"गो, कोण मेलो?"

"तुमीच!" ती म्हणाली, आणि तिथेच बसून हसायला लागली. ताई, तसं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. सगळा वॉर्ड हसला. चिंतामणरावसुद्धा म्हणाले, "संयुक्त महाराष्ट्र होईल तेव्हा होवो, आमच्या यंत्राने दोन सीताराम संयुक्त करून दाखवले."

कारण मेला तोही सीताराम सावंतच. माझगावच्या गोदीत नुकताच लागलेला, मुंबईत नात्याचं कुणी नाही. हे कळल्यावर चाळीतली माणसं बांबू उचलून निघाली. सुंदराबाईने त्यांना दारात अडवलं. म्हणाली, "सीताराम सावंताक न्हेवक इलाव मां? मग रिकामी तिरडी घेवन खय जातलाव?"

माणसांनी बांबू पुन्हा खाली ठेवले. ज्याला कुणी पाहिलं नव्हतं, त्याला त्यांनी अंघोळ घातली, बांधलं, उचललं. तिचा नवरा पोटाचे टाके धरून फाटकापर्यंत चालत आला आणि स्वतःसाठी आणलेल्या तिरडीला हात लावून उभा राहिला. मी स्मशानात गेलो. रजा टाकली नव्हती.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
रघुवीर

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. गेलेल्या सीतारामची बायको राधाबाई तुमच्या कणकवलीपासून चार मैलांवर राहते. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर आहे. तिला अजून कुणी कळवलेलं नाही. यंत्राच्या लेखी तो जिवंत आहे, आणि कार्ड दुरुस्त झाल्याशिवाय कचेरी तार करायला तयार नाही. ती दुरुस्ती मंजूर करणारे साहेब पंधरवड्याने येणार. मी स्वतः पत्र टाकलं असतं, पण तिला वाचता येत नाही. कुणीतरी परका ते मोठ्याने वाचून दाखवणार. तू जाशील का? भाऊजींना पाठवू नकोस, ते आधी प्रस्तावना करतील.

आणखी ता. क. सगळे यंत्राला दोष देतात. चिंतामणराव तर खूश आहेत. यंत्राने काही केलं नाही, ताई. वॉर्डातून मेलेल्याचा नंबर ४३७१ आला होता, मी लालबागच्या सीतारामच्या ४३१७ची भोकं पाडली. खिडकीखालून मोर्चा चालला होता, मी घोषणा ऐकत होतो आणि हात चालू होता. राधाबाईला वेळेवर तार गेली असती, तरी ती अंत्यसंस्काराला मुंबईत पोचली नसती, असं मी स्वतःला सांगतो. तिने विचारलं, त्याला कुणी नेलं, तर लालबागच्या माणसांनी घरच्यासारखं नेलं, हे सांग. आणि उशीर का झाला असं विचारलं, तर माझं नाव सांग.