खांद्याच्या वर

बा, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता यायला लागलं ते तू गेल्यावर, अकोल्यात. त्यामुळे हे असं शाळेतलं मराठी उतरतंय. ऐकलं असतंस तर म्हणाला असतास, "कोनाशी बोलून राहिला बे, बापाशी का मामलेदाराशी?" मी इथल्या शाळेत कवायत शिकवतो आणि क्रिकेटही शिकवतो. फलंदाजी शिकवताना बॅट हातात घेऊन उभा राहतो, पण गोलंदाजी नुसती तोंडानं सांगतो. हात डोक्यावरून आणा, दंड कानाला घासला पाहिजे. आज सकाळी एका पोट्ट्यानं विचारलंच, "गुरुजी, तुमी करून कावून नाई दाखवत?" मी त्याच्यावर खेकसलो आणि सगळ्यांना मैदानाभोवती पळायला लावलं. शेवग्याच्या शेंगा काढायला माझा हात वर जातो, पागोटं बांधायलाही जातो. चेंडू हातात आला की खांद्यापाशी थांबतो. वाईट वाटत नाही. इतकी वर्षं झाली, आता काहीच वाटत नाही.

ती कापसाची वर्षं होती. अमेरिकेत लढाई लागली म्हणे, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि आपल्या वलगावात माणसं वांगी उपटून पऱ्हाटी लावायला लागली. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांमागे गाड्या, बाभळीच्या काट्यांना कापूस लोंबतोय, विहिरीच्या पाण्यावरसुद्धा कापूस. आपल्या मळ्यात मात्र भाजीच राहिली, कारण माय हटून बसली होती. "कापूस का खाता येते?" एवढं एकच वाक्य ती सगळ्यांना ऐकवायची. तू पलटणीतून गुडघा मोडून आला होतास. पलटणीत असताना तू साहेबांना चेंडू टाकायचास, ते बॅट घेऊन तासन् तास मारत राहायचे, आणि टाकता टाकता तू सगळा खेळ शिकून घेतलास. घरी आलास तो एक चिरलेली बॅट आणि एक कातडी चेंडू घेऊन. मायनं विचारलं, "हे काय आनलं?" तू म्हणालास, "पेन्शन." ती हसली नाही, तूही हसला नाहीस.

खळ्याला करतात तशी तू जमीन केलीस. पाणी मारलं, धुमसानं चोपली, वरून शेणाचा हात फिरवला. तुराट्यांच्या तीन काड्या रोवल्या आणि चेंडू पडायला हवा तिथे वांग्याचं पान ठेवलं. पानावर पडला तर तू गप्प, नाही पडला तर, "आंधया हायेस का बे?" बॅटीला तू फळीच म्हणायचास. मी जागेवर उभा राहून कुदळीसारखी हाणायचो, तू काठीनं माझ्या पोटरीवर टोचायचास. "पाय हालू दे पह्यले, मंग फळी. पाय नाई हालला तं घरी जाय, भाकर खाय, झोप." सगळ्यांत जास्त भांडण माझ्या हातावरून व्हायचं. तेव्हा कायदा असा होता की चेंडू टाकताना हात खांद्याच्या वर गेला तर पंचानं नो-बॉल म्हणायचं. माझा हात जन्मापासून शेतातल्या माळ्यावरचा, ज्वारीवरची पाखरं हाकायला गोफण फिरवलेला. तो आपोआप डोक्यावरून यायचा. शेवटी तू मायच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडलास आणि माझं मनगट कमरेला बांधलंस, असं मापून की हात खांद्यापर्यंत येईल आणि तिथेच काचेल. दोन हिवाळे मी तसा चेंडू टाकला. मनगटाला वळ पडले. मायनं हळद लावली, तू दुसऱ्या दिवशी त्याच वळावर काठ बांधलास. मग एक दिवस तू तो सोडलास, आणि हात खाली राहिला.

अमरावतीच्या पलटणीच्या कॅम्पातल्या एका साहेबानं तुला शब्द दिला होता. सामन्यात पोरगा नीट खेळला तर त्याला मैदानावर गोलंदाज म्हणून ठेवून घेतो, राहायला खोली देतो. तू हे मला जेवताना सांगितलंस आणि त्या दिवशी मायनं न मागता तुझ्या भाकरीवर लोणी घातलं. मला दुसरं काही नको होतं, बा. मळा थोरल्या काकांच्या पोरांकडे जाणार हे आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

सामन्याचा दिवस. एका बाजूला साहेब आहेत, दुसऱ्या बाजूला पलटणीतले शिपाई, कापसाच्या जिनातले दोन कारकून आणि मी. दोन्हीकडून एकेक पंच, आपल्याकडून तू. धुतलेलं पागोटं घालून तू काड्यांमागे उभा आहेस. मी आधी बॅट केली, पाय हलवून केली, धावा बऱ्या झाल्या. मग चेंडू घेतला. सुरुवातीला सगळे तिथेच पडताहेत जिथे वांग्याचं पान असतं. मग तोच साहेब खेळायला आला आणि त्यानं मला लागोपाठ कुंपणाबाहेर मारलं. शिपाई ओरडायला लागले, माझं डोकं तापलं आणि हात गेला वर, गोफणीसारखा. मधली काडी उडाली. सगळे नाचायला लागले तेवढ्यात मागून तू ओरडलास, "नो बाल!" परत निघालेल्या साहेबानं मागे वळून तुझ्याकडे पाहिलं. पुढचा चेंडूही वरूनच गेला, आवरलाच नाही. पुन्हा "नो बाल!" शिपायांच्या हवालदारानं माझ्या हातातून चेंडू काढून घेतला. नंतर साहेबानं एलिचपूरचा एक परदेशी, म्हणजे उत्तरेकडून आलेल्यांचा, पोऱ्या ठेवून घेतला.

घरी चुलीपाशी अंबाडीची भाजी होती. मायनं ताट वाढलं आणि विचारलं, "साहेबाचा पंच तिकडे गप उभा होता म्हन्तेत. तुमीच कावून बोंबलले?"

"वर गेलता."

"पोरगं तुमचंच होतं ना?"

"हात वर गेलता, सांगतलं ना तुले!" तू ताट सरकवलंस, मग पुन्हा पुढे ओढलंस आणि सगळं जेवलास. मीही जेवलो. मला वाटलं होतं की राग येईल. आला नाही. भाजीत मीठ कमी होतं एवढं आठवतं.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत अमेरिकेतली लढाई संपली होती. गाड्या कमी झाल्या, लोक पऱ्हाटी उपटून पुन्हा वांग्याचं बी मागायला मायकडे यायला लागले. कॅम्पात मुंबईहून एक नवा साहेब आला. सामन्याच्या दिवशी तू पंच होतास, मी कुंपणाबाहेर बसलो होतो. त्या साहेबानं पहिलाच चेंडू डोक्यावरून टाकला. तू ओरडलास. तो थांबला, हसला, आणि मोडक्या हिंदुस्थानीत त्यानं तुला समजावलं की विलायतेत कायदा कधीच बदलला, आता हात कितीही वर न्या. तू विचारलंस, कधीपासून? तो म्हणाला, गेल्या पावसाळ्याच्याही आधीच्या पावसाळ्यापासून. तू बोटांवर काही मोजलं नाहीस. मीही मोजलं नाही, मोजण्यासारखं काय होतं? माझा सामना त्या पावसाळ्यानंतरच्या हिवाळ्यातला होता. कायदा तेव्हाच मेलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू वांग्याच्या वाफ्यात आलास आणि म्हणालास, "चाल." खळ्यावर नेऊन चेंडू हातात दिलास. "ने आता वर. कितीबी ने." मी धावत आलो, हात खांद्याला थांबला. पुन्हा आलो, पुन्हा थांबला. तू माझं मनगट धरून वर नेलंस, कानाला लावलंस, जसा कुणी म्हाताऱ्याला अंगरखा घालतो तसा. सोडलंस की खाली. चेंडू मात्र दर वेळी पानावर पडत होता. ऊन चढलं, मायची हाक आली, वाफ्यांना पाणी पाजायचं राहिलं होतं. तू खळ्यावरच बसलास, मोडका गुडघा लांब करून.

"नाई जमत?"

"नाई."

"मले कोनी सांगतलंच नाई बे," तू म्हणालास.

मी चेंडू तुझ्याजवळ ठेवला आणि पाणी पाजायला गेलो. त्या उन्हाळ्यात पटकी आली, तू दोन दिवसांत गेलास. मी अकोल्याला जिनात लागलो, मग शाळेत. मायनं निघताना चेंडू माझ्या धोतराच्या सोग्यात बांधून दिला.

आता हेडमास्तरांना माझी ही गोष्ट फार आवडते. कुणी पाहुणे आले की मला बोलावतात आणि सांगायला लावतात. मी सांगतो. माझा बाप पंच होता, माझा हात वर गेला आणि त्यानं पोटच्या पोराला नो-बॉल दिला. दगडासारखा उभा होता, सांगतो मी, आवाज जरासुद्धा कापला नाही. पाहुणे वाहवा म्हणतात, हेडमास्तर पोरांकडे बघतात. नव्या कायद्याचं मी सांगत नाही, कुणी विचारतही नाही.

आज सकाळी पोट्टे पळत होते आणि मी एकटा काड्यांपाशी उभा होतो. एक पान ठेवलं. वांग्याचं नव्हतं, निंबाची डहाळी होती. चेंडू टाकला, हात आडवाच आला, चेंडू डहाळीवर पडला. पाठीमागे कुणी नव्हतं तरी मी थांबलो, तू काही म्हणतोस का ते ऐकायला. हा कागद मी चेंडूंच्या पेटीत ठेवणार आहे, वाळवी लागेल तेव्हा लागेल.

बा, तुझा आवाज कापला होता. पहिल्याच वेळी. मी ऐकला होता.