वर जाणारी गोळी आणि गार झालेली कॉफी

माझ्या पाठच्या भावा सत्ताम,

अल्ला तुला उदंड आयुष्य देवो, तुझे गुडघे धड ठेवो, साखर आटोक्यात ठेवो, आणि उशीर झाला असला तरी थोडी अक्कलही देवो. तुझ्या बायकोला माझा सलाम सांग. तिने पाठवलेले सुके मासे पोचले, मांजरांनी आवडीने खाल्ले. (आम्ही करकच्या डोंगरातली माणसं. मासा ताटात दिसला की आम्हाला आधी त्याची कीव येते.) माझं विचारशील तर डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत आणि जिभेबद्दल तुला मी काय सांगावं. हे पत्र माझी नात शुरूक लिहिते आहे, मुफ्लेहची धाकटी. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते तसंच्या तसं लिही असं तिला बजावलंय, पण ती मधेच हसते आणि पेन थांबतं. कुठे वाक्य लंगडलं तर तो दोष माझा नव्हे. फोन का नाही केला म्हणशील. तुला नको तो विषय निघाला की अकब्याच्या समुद्रावर वारं सुटतं आणि तुला ऐकू येईनासं होतं. पत्राला वारं लागत नाही. बसवाला ते तुझ्या हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत दारातच उभा राहील. तसं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

तर आनंदाची गोष्ट अशी की शुरूकचं लग्न ठरलं. मुलगा गैथ, शेख हायेलचा पुतण्या. पाणीपुरवठ्यात नोकरी आहे, उंची बरी, कान थोडे मोठे. (ती म्हणते कान लिहायचे नाहीत. लिही गं, लग्नात सगळ्यांना दिसणारच आहेत.) ठरलं म्हणते खरी, पण मधे ते मोडायला आलं होतं, आणि मोडायला आणणारी मी. ते कसं, हे नीट ऐक, कारण तुझा त्याच्याशी संबंध आहे.

मागच्या उन्हाळ्यात हायेलच्या मुलाचं लग्न झालं ते तुला आठवत असेल. तू होतासच. त्या संध्याकाळी आमच्या शेजारची तुलीन, सहा वर्षांचं पोर, आपल्याच गच्चीवर बसून कलिंगड खात होती. वर गेलेली एक गोळी खाली आली ती तिच्या खांद्यात. पोर वाचलं, अल्लाची कृपा. पण तो हात खांद्याच्या वर जात नाही. केस तिची आई विंचरते. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की ही उजव्या हाताने डावा हात उचलून धरते, कारण तिला डाव्या हाताचीच सवय आहे. मी ते एकदा कुंपणावरून पाहिलं, ती शाळा-शाळा खेळत होती तेव्हा. त्याच दिवशी ठरवलं की माझ्या घरच्या लग्नात एक फैर उडणार नाही. मी काही सरकार नाही. पण सरकारचं घराबाहेरही चालत नाही, माझं निदान घरात तरी चालतं.

मग अम्मानमध्ये हत्यारांच्या नव्या कायद्याचं निघालं आणि टीव्हीला उधाण आलं. रोज संध्याकाळी तीन माणसं येऊन बसतात, एक निवृत्त फौजी, एक आमदार आणि एक प्राध्यापक. तिघे एकदमच बोलतात, आणि त्यांच्या मागे पडद्यावर एक रायफल सावकाश गोल फिरत असते, मंचावर बसवलेल्या नवरीसारखी. दागिने दाखवावेत तसे तिचे भाग दाखवतात. फौजी म्हणतो ही स्वयंचलित. प्राध्यापक म्हणतो छे, ही अर्धस्वयंचलित, चाप एकदा ओढला की एकच गोळी. आमदार म्हणतो, कुठलीही असो, ती आमच्या आजोबांची इज्जत आहे. (त्याच्या आजोबांना मी ओळखत होते. त्यांच्याकडे एक गाढव होतं, आणि तेही भाड्याचं.) मग जाहिरात लागते आणि तांदूळ दाखवतात. इतक्या संध्याकाळी मी ते ऐकलं, पण गोळी खाली कुठे पडते हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही. त्यांच्या हिशेबी गोळी वर जाते आणि तिकडेच बिऱ्हाड करते.

तूही त्यांचंच ऐकून मला फोनवर सांगितलंस, "ताई, माझी तर अर्धस्वयंचलित आहे, हे सगळं माझ्यासाठी नाही." बरं, अर्धी तर अर्धी. तुलीनचाही अर्धाच हात गेलाय, म्हणजे हिशेब जुळला म्हणायचा.

गावच्या वडीलधाऱ्यांनाही टीव्हीमुळे लाज वाटली असावी. त्यांनी ठरवलं की सगळ्या घराण्यांनी मिळून इज्जतीचा करार करायचा, लग्नात गोळीबार बंद. चावडीपुढे तंबू लागला, मन्सफची ताटं आली, भातावर मटण, वर बदाम, आणि अम्मानहून टीव्हीची गाडीही आली. लमीस नावाची पोरगी होती, बारीक, कमरेवर हात ठेवून बोलणारी. तिने आमच्या मुफ्लेहला विचारलं, तुमच्या घरी हत्यार आहे का. मुफ्लेह छातीवर हात ठेवून म्हणाला, "बहिणी, आमच्या घरात कांदा कापायची सुरीसुद्धा बोथट आहे." करार वाचला गेला. सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नाहीत त्यांनी अंगठे. मिठ्या मारल्या, डोळे पुसले. आणि त्या आनंदाच्या भरात, कॅमेरा चालू असताना, माझ्या पोटच्या गोळ्याने गाडीतून रायफल काढली आणि करार झाल्याच्या खुशीत हवेत फैर झाडली.

(शुरूक हसतेय. हस. तो तुझा बाप आहे.)

गोळीबार बंद केल्याचा आनंद गोळीबाराने करणारी माणसं दुनियेत आणखी कुठे असतील तर मला कळव, मी त्यांच्याकडे एक सून मागीन. मुफ्लेहला पोलिसांनी नेलं, रायफल काढून घेतली, दंड झाला, आणि तो घरी आला तेव्हा दोन दिवस सुनेच्या मागे मागे कपडे वाळत घालत फिरत होता, कारण बाहेर पडायची सोय नव्हती. टीव्हीने त्याच्याभोवती लाल गोल काढून ते चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं. आधी कांदा कापायची सुरी, मग धाड. संध्याकाळी ते तिघे परत येऊन बसले आणि मुफ्लेहची रायफल पुरती की अर्धी यावर भांडले. गोळी कुठे पडली ते परत कुणी विचारलं नाही. ते मी विचारलं. काठी घेऊन निघाले आणि त्या दुपारी दारोदार फिरले. प्रत्येक घरी आत डोकावून म्हणायचे, पोरं सगळी आहेत का, जरा समोर उभी करा. लोकांना वाटलं म्हातारी भ्रमिष्ट झाली. कुणाचं काही गेलं नव्हतं. पण ती गोळी मला अजून सापडलेली नाही, आणि मुफ्लेह दारातून आत आला की अजूनही मी आधी त्याच्या हातांकडे बघते.

आता मूळ गोष्ट. गेल्या शुक्रवारी आमच्या दारातल्या तंबूत हायेलची जाहा मागणी घालायला आली, सगळी जाणती मंडळी, इस्त्रीचे झगे, अत्तराचा घमघमाट. लमीसही आली, कारण मुफ्लेह आता प्रसिद्ध माणूस. रीत तुला माहीत आहे. पाहुण्यांच्या म्होरक्यासमोर कॉफीचा पेला ठेवायचा, त्याने मागणी बोलायची, आणि मुलीचा बाप "प्या" म्हणेपर्यंत त्याने पेल्याला हात लावायचा नाही. तो प्यायला की मग बाकीच्यांना कॉफी. मी मुफ्लेहला आदल्या दिवशीच दम दिला होता, तुझ्या तोंडून "प्या" निघण्याआधी त्यांच्या तोंडून "एकही फैर नाही" निघालं पाहिजे. नाहीतर मी बायकांच्या बाजूने असा गळा काढीन की जाहाला वाटेल घरात कुणी गेलं.

हायेलने मागणी घातली, गोड बोलला. सगळे मुफ्लेहकडे बघू लागले. मुफ्लेह पावसाबद्दल बोलला. मग जवाच्या पिकाबद्दल. मग वाढलेल्या डिझेलबद्दल. मी पडद्यामागून काठी आपटली तेव्हा कुठे म्हणाला, "शेख, मुलगी तुमचीच आहे, पण आमचीही एक मागणी आहे."

"मुलीच्या बापाची मागणी?" हायेल म्हणाला. "हे कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून," मुफ्लेह म्हणाला. खोटं बोलता येत नाही बिचाऱ्याला, कॅमेरा तोंडासमोर नसला की.

एकही फैर नको, ही मागणी ऐकून तंबूत हशा झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "ढोल चालेल ना, की तोही टीव्हीला विचारून?" दुसरा म्हणाला, "फैरीशिवाय वरात म्हणजे मयतच की." हायेल हसला नाही. म्हणाला, "मुफ्लेह, उद्या लोक म्हणतील हायेल पोलिसांना भ्याला. माझी कॉफी गार होतेय. देणार असशील तर दे, नाहीतर आम्ही उठतो." आणि त्याने खरंच गुडघ्यावर हात टेकले. इकडे शुरूकचा चेहरा पांढरा पडला. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं मी अजून विसरलेले नाही. (हे लिही. तुझ्याबद्दल आहे म्हणून गाळू नकोस.) पण एकदा तलवार उपसली की ती म्यानात घालायला जागा लागते, आणि माझ्या मागे भिंत होती. मी पडदा बाजूला केला आणि पुरुषांच्या तंबूत गेले. माझ्या वयाला कुठलाच पडदा अडवत नाही, म्हातारपणाचा तेवढाच फायदा.

मी म्हटलं, "हायेल, तुझ्या मुलाच्या लग्नात गोळ्या उडाल्या. वर जाताना प्रत्येक गोळीला मालक होता. ही माझी, ती माझ्या काकाची, बघा कशी गेली. त्यातलीच एक तुलीनच्या खांद्यात आली तेव्हा मालक कुणीच नव्हता, तेव्हा ती नशिबाची झाली. मला एवढंच सांग, तिचा मालक हवेत नेमका कुठे बदलतो?"

 वेलदोड्याचा वास सुटला होता आणि कॉफीवाल्याचा हात अवघडला होता. हायेल पेल्याकडे बघत बसला. त्याच्याच घरचं लग्न होतं ते, सत्ताम. तो वाईट माणूस नाही. त्याने तुलीनला बाहुली पाठवली होती, मोठी, आणि स्वतः मात्र त्या घरी कधी गेला नाही. शेवटी म्हणाला, "मुफ्लेहच्या आई, तुझ्यासारखी सासू माझ्या वैऱ्यालाही न मिळो." आणि एक अट घालून कबूल झाला. अट किरकोळ आहे, खाली सांगते. मग मुफ्लेह "प्या" म्हणाला आणि हायेल ती गार झालेली कॉफी औषधासारखी एका घोटात प्यायला. बायकांनी असा जल्लोष केला की फैरींची उणीव कुणाला भासली असेल तर त्याने कान तपासून घ्यावेत. संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो. त्यांनी मुफ्लेहचं जुनंच चित्र दाखवलं, लाल गोलासकट. माणूस मुकाट्याने कॉफी प्यायला, ही काही बातमी नव्हे.

तू त्या लग्नात होतास म्हणून हे सगळं तुला लिहिते. सगळे झाडत होते, तूही झाडलीस, मुफ्लेहनेही झाडली. ती गोळी कुणाची होती ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही. मी विचारणारही नाही. पण कधी विचारावं लागू नये अशी व्यवस्था मला करायची आहे, आणि मी ती करणार.

अल्ला तुझ्या घराला सावली देवो. लग्नाला सगळ्यांना घेऊन ये, लवकर ये, आणि झोपायला उशी आण, आमच्या कमी पडतात.

तुझी मोठी बहीण,
वद्हा

ता. क. जमीद पाठवलाय, दही यंदा घट्ट वाळलंय, रात्रभर भिजव. तुझ्या बायकोला सांग, मासे परत पाठवू नको, मांजरं माजलीत.

आणखी एक ता. क. हायेलची अट राहिली. तो म्हणाला, "आमची माणसं रायफली घरी ठेवतील, पण आधी तुमच्याकडचा सत्ताम. अकब्याहून येतो आणि दर लग्नात पहिली फैर त्याचीच असते. त्याने ठेवली तर आम्ही ठेवू." सगळा तंबू माझ्याकडे बघत होता, शुरूक पडद्याआडून बघत होती. मी नवऱ्याच्या कबरीची शपथ घेऊन सांगितलं की सत्तामने आपली रायफल केव्हाच पोलिसांकडे जमा केली, स्वतःहून, कुणी न सांगता. हायेललाही रडू आलं.

शेवटचं. ते लमीसनेही ऐकलं. तिला असा माणूस हवाच होता म्हणे. गुरुवारी सकाळी ती कॅमेरा घेऊन तुझ्या घरी येते आहे. पत्ता मी दिला. तेव्हा बुधवारीच ठाण्यात जा, आणि जाताना पुरती की अर्धी हा वाद घालत बसू नकोस, आहे तशी दे. पांढरा सदरा घाल, तपकिरीत तू आजारी दिसतोस. मी खोटी शपथ कधी घेतलेली नाही, सत्ताम. आत्ता घेतली आहे ती बुधवारपर्यंतच खोटी आहे.