नटावरची पांढरी रेघ

प्रिय पुडीवाल्या,

चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र पाठवतोय म्हटल्यावर वहिनी हसतील. पाकीट उलटसुलट करून म्हणतील, "का, भावजींचे पाय मोडलेत का?" पाय धड आहेत. गेल्या सात आठवड्यांत तीनदा तुझ्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत फिरलोय. दोनदा फोनही केला, आणि दोन्ही वेळा जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो, पाणीकपातीवरसुद्धा, फक्त जे बोलायला फोन केला होता ते सोडून. म्हणून हे पत्र. सकाळी दहाला टेबलाशी बसलो, आता साडेअकरा होतायत आणि हा चौथा कागद. आधीच्या तिन्ही कागदांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, तरी फाडले. आमची ही दोनदा डोकावून गेली. जुन्या छापखान्याचं काम आहे म्हणून तिला सांगितलं, तर म्हणाली, "निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, अजून प्रुफं तुमची पाठ सोडत नाहीत."

सध्या तुमच्याकडे आलेली तुझी लेक परवा हिला भाजीवाल्याकडे भेटली. सगळं तिच्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही, हे मनाला लागलं. पण मनाला लावून घ्यायचा मला कितपत हक्क आहे, ते पुढे येईलच. येत्या सोमवारी तू दुकानाच्या किल्ल्या त्या नव्या फार्मासिस्टच्या हातात देणार, आणि महिनाअखेरीला तुम्ही दोघं लेकीच्या गावी राहायला जाणार. डॉक्टरांकडेही दोनदा जाऊन आलास म्हणे. त्यांनी तुला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, पाच वस्तू सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारल्या, आणि तू सगळं बरोबर केलंस. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. तर तू उलट त्यांनाच समजावलंस की तुमच्या परीक्षेत पास झालो तरी मी विसरतो, माझ्याकडे पुरावा आहे. लेक हिला म्हणाली, "काकू, बाबा गोळ्यांचं पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि स्वतःच्या हातातून सोडतच नाहीत. दोघंही पाकीट धरून उभे." हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. अडतीस वर्षं ज्याने डॉक्टरांची गिचमिड अक्षरं लावली आणि एकदाही भलती गोळी दिली नाही, तो माणूस आता साध्या बामच्या बाटलीवरचं लेबल तीन-तीनदा वाचतो.

मला राहून राहून पहिला दिवस आठवतोय. तुझ्या काकांची ती गाडी अठरा वर्षं ताडपत्रीखाली होती. टोचन लावून ती माझ्याकडे आणली, कारण गॅरेज माझं आणि वेड तुझं. गाडी आपल्यापेक्षा चार वर्षांनी थोरली. ताडपत्री काढली तर मागच्या सीटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या सुखाने नांदत होत्या. मला पाना आणि पक्कड यांतला फरक धड कळत नव्हता, तर तू म्हणालास, "तुला चुका शोधता येतात ना? मग झालं. जुनी गाडी म्हणजे चुकांचं पुस्तक." वहिनींनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव सवत ठेवलं, आणि माझं शुद्धलेखन हे नाव तू ठेवलंस. तुझं नाव तर कोणी ठेवायची गरजच नव्हती. सोडलेला प्रत्येक नट-बोल्ट तू औषधाच्या कागदी पुडीत घालायचास आणि वर आपल्या त्या बारीक अक्षरात लिहायचास: डावं पुढचं दार, वरची बिजागरी, दोन. एकदा हाताच्या सवयीने "रेडिएटर, चार, जेवणानंतर" असं लिहून गेलास, आणि आपण दोघं तिथेच फरशीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. दोन वर्षं आठ महिने ते चाललं. तीनशे अकरा पुड्या झाल्या. परवा मी खोक्यातल्या रिकाम्या पुड्या पुन्हा मोजल्या. त्यांतला एकही बोल्ट हरवला नाही, एकही चुकीच्या जागी गेला नाही. माझ्या हातात ते काम असतं तर दारं इंजिनाला लागली असती.

पांढऱ्या रेघेची पद्धतही तुझीच. नट पुरता आवळला की त्याच्यावरून खालच्या भागावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढायची, म्हणजे नट पुढे जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. ज्याने आवळलं त्यानेच ओढायची. रेघ नाही, म्हणजे आवळलेलं नाही. छापखान्यात आम्ही तपासलेल्या पानावर सही करायचो, त्यामुळे मला ही पद्धत लगेच आवडली. आपण भांडलोही मनसोक्त. रंगावरून पंधरा दिवस अबोला होता. मला गडद हिरवा हवा होता, तुला करडा, आणि झाला करडाच. मग हॉर्नवरून वाजलं. आणि अगदी शेवटी ब्रेकच्या त्या नळीवरून. ती स्टिअरिंगच्या दांड्याच्या फार जवळून जातेय, आज ना उद्या घासेल, असं माझं म्हणणं होतं. तू म्हणालास, "बोटभर अंतर आहे, पुष्कळ झालं. तुला मेल्या सगळीकडे काना-मात्रा कमीच दिसते." मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं तुला चांगलं ठाऊक आहे, त्यात वाद कधी मिटलेला नसतो.

मधे उठून खाली जाऊन आलो. हल्ली एका जागी बूड टेकत नाही. गाडी आहे तशीच आहे, डावा दिवा आत गेलाय आणि बंपर एका बाजूने लोंबतोय. मी रोज सकाळी शटर अर्धं उचलतो आणि परत पाडतो. समोरचे मास्तर विचारतात, "काय, दुसरा भिडू कुठाय?" मी सांगतो, त्याला सर्दी झालीय. म्हणजे सात आठवडे तुला सर्दी आहे हे ध्यानात ठेव, कोणी विचारलं तर खोकून दाखव. पाने सगळे लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, मग मोठ्यापासून लहानापर्यंत, मग पुन्हा पहिल्यासारखे. हात धुतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा धुतो, काही हातात धरलेलं नसतानाही. ही म्हणते, येरझारा घालून फरशी झिजवणार आहात. चहा दोन घोट घेतो आणि कप कुठेतरी ठेवून येतो. काल तीन कप पुस्तकांच्या फळीवर सापडले.

त्या रविवारचं तुला आठवतच असेल, पण माझ्या बाजूनेही एकदा ऐक. अंगणात तीनदा ब्रेक दाबून पाहिला, तिन्ही वेळा लागला. तू स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि वहिनी गल्लीच्या खालच्या तोंडाशी मोबाइल धरून उभ्या, सवतीचा फोटो काढायला. उतार तो काय, पोरं पायडल न मारता सायकलवरून उतरतात तेवढा. पहिल्यांदा दाबलास तेव्हा गाडी थांबली. दुसऱ्यांदा थांबली, पण तू म्हणालास, "पेडल मऊ का लागतंय?" तिसऱ्यांदा ते तळाला जाऊन टेकलं. तू ओरडला नाहीस. गिअर खाली आणलास, हँडब्रेक ओढलास आणि सरळ वहिनींकडे निघालेली गाडी शाळेच्या भिंतीत घातलीस. मी त्या वेळी काय केलं, तर डोळे मिटून घेतले. वहिनी बाजूला होताना पडल्या, मनगटावर निभावलं. तू क्षणभर जरी गोंधळला असतास तरी त्यांच्या जिवावर बेतलं असतं. ज्याचं डोकं चालेनासं झालंय त्याला हे जमतं का, हे त्या डॉक्टरांना विचार.

दुसऱ्या दिवशी मी गाडीखाली शिरून पाहिलं, आणि नळीचा नट सैल आहे एवढं तुला फोनवर सांगितलं. वहिनींना दवाखान्यातून घरी पोहोचवून तू आलास, पण आत आला नाहीस. मी अजून गाडीखालीच होतो, हातात बॅटरी. तू उंबऱ्यावरून विचारलंस, "रेघ होती का रे?" मी म्हणालो, "दिसली नाही." तू म्हणालास, "म्हणजे मी आवळलाच नाही. आणि मला तर रेघ ओढलेलीसुद्धा आठवतेय." गाडीखालून मला फक्त तुझ्या चपला दिसत होत्या. त्या वळल्या आणि गेल्या, आणि त्यानंतर तू माझ्या गॅरेजात पाऊल ठेवलं नाहीस.

चाळीस वर्षं मी प्रुफं तपासली. "नव्हती" आणि "दिसली नाही" यांतला फरक मला कोणी शिकवायला नको. पहिलं म्हणणारा साक्ष देतो, दुसरं म्हणणारा अंग काढून घेतो. तू साधा माणूस, तुला दोन्ही एकच वाटलं. मी मनाशी म्हटलं, बॅटरी मंद होती, जागा अडचणीची होती, मी काही खोटं बोललो नाही. आठवडाभर तेवढ्यावर झोप लागली. मग म्हटलं, वहिनींचं प्लास्टर निघू दे, मग बोलू. प्लास्टर निघालं. मग म्हटलं, तो आपण होऊन येईल तेव्हा विषय काढू. तू आला नाहीस, आणि आली ती डॉक्टरांची आणि किल्ल्यांची बातमी. परवापासून मी घरात चोरासारखा वावरतोय.

आता लिहून संपेपर्यंत उठणार नाही. तुझी रेघ होती. तू नट आवळला होतास आणि त्यावर रेघही ओढली होतीस. आदल्या दिवशी, शनिवारी, तू दुपारी जेवायला घरी गेलास तेव्हा मी नळी वळवायला घेतली. तुला सांगितलं असतं तर पुन्हा वाद झाला असता आणि पुन्हा तूच जिंकला असतास, म्हणून तुझ्यामागे. नट अर्धा फेरा सैल केला, नळी जराशी बाजूला सरकवली, नट नुसत्या बोटांनी बसवला आणि पाना घ्यायला वळलो, तर हिने पानावर बोलावलं. जेवून खाली आलो तेव्हा तू येऊन बॉनेट पुसत होतास. तुझ्यादेखत पाना लावायची लाज वाटली. म्हटलं, हा गेला की लावू. आणि विसरलो. मी विसरलो, तू नाही. सोमवारी बॅटरीच्या उजेडात ती रेघ मला स्वच्छ दिसली होती, अर्धी नटावर आणि अर्धी खाली, मधे तुटलेली. तू गेल्यावर मी पेट्रोलचा बोळा फिरवून ती पुसली, माझं वाक्य खरं ठरावं म्हणून. दुसऱ्यांच्या चुका काढून आयुष्यभर पोट भरलं, आणि स्वतःची निघाली तर ती मित्राच्या माथी मारली. तू ती मुकाट्याने घेतलीस तेव्हा मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो. तोंडी सांगायला आलो असतो तर पुन्हा असंच काहीतरी गुळमुळीत बोललो असतो, आणि तूही "जाऊ दे रे, कोणाला आठवतंय" म्हणून ते पुन्हा स्वतःकडे ओढून घेतलं असतंस. कागदावर तसं करता येत नाही. मागच्या बाजूला तारीख घालून पूर्ण नावाने सही केलीय, कारण डॉक्टरांना टोपणनाव चालायचं नाही. हा कागद त्यांना दाखव, लेकीला दाखव, तुझ्याकडचा पुरावा माझ्यामुळे खोटा निघाला म्हणून सांग. किल्ल्या द्यायच्या तर दे, लेकीकडे जायचं तर जा, पण मी विसरतो असं म्हणून जाऊ नकोस. पाकीट आज संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी हाती पोचतं करतो. वहिनींना मीच येऊन सांगणार आहे, उद्या सकाळी अकराला. दार उघडायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, मी पायरीवर बसेन.

तू म्हणशील तोवर तुझाच,
शुद्धलेखन