माझी ओळ आणि जावयाची

सोमवार, ४ ऑगस्ट

केळी पिकवायच्या चार खोल्या संगणकावर आणल्या, त्याची खरी किंमत आज मांडली: तीन दिवाळ्या अर्धापुरातच, या खोल्यांपाशी, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, सख्ख्या मेहुणीचं लग्न हुकलं. सहावी पास माणसानं पुस्तक पुढ्यात घेऊन संगणकाला हुकूम देणारी स्क्रिप्ट लिहिली! रोज सकाळी सहाला शेड्यूलर, म्हणजे वेळ लावून ठेवलेला प्रोग्राम, तिला खोलीमागं एक ओळ देतो — खोली, गॅस, तापमान, पंख्याचे तास. अकरा वर्षांत माझ्या स्क्रिप्टनं एक फणी नासू दिली नाही.

लातूरहून लेक-जावई आलेत. अमरनाथ म्हणाले, जरा बघू का, मामा? जावयाला नाही कसं म्हणायचं!

मंगळवार, ५

बघितलं. म्हणे आकडे नुसते रांगेत उभे केलेत. मधला एक गळाला की मागचे पुढं सरकतात. प्रत्येक आकडा त्याच्या नावानिशी पाठवायचा — तापमान चौदा, तास चोवीस. मी हाव हाव म्हणत मान हलवली. आत इंगळी डसली.

कान तिखट आहेत माझे. स्वयंपाकघरात माझी बायको रत्नम्मा लेकीला सांगून राहिली होती, "भोकरच्या नव्या खोल्या जावईबापूंच्याच हाती द्याव्यात. ह्यांचं आता वय झालं."

वय!

बुधवार, ६

भाकरी गोड लागेना.

गुरुवार, ७

पैज लावली. उद्या माझी ओळ, परवा जावयाची. ज्याच्या खोल्या चोख, भोकर त्याचं. सगळ्यांना ताकीद दिली — दोन दिवस कुणी खोल्यांच्या दारावरच्या तापमानाच्या बटणाला हात लावायचा नाही. खोल्या झाडणाऱ्या केवळाबाईलासुद्धा.

जावयांनी विचारलं, चार नंबरच्या खोलीच्या ओळीत गॅसची जागा कोरी का? म्हटलं, तिथं पिकलेला माल असतो, गॅस कशाला? हसले नाहीत, वाद घातला नाही. माणूस नम्र आहे, त्याचाच जास्त राग येतो.

शुक्रवार, ८

तीन खोल्या चोख. संध्याकाळी चार नंबरचं दार उघडलं तर अंगावर उबारा! तापमान चोवीस. कोरी जागा स्क्रिप्टनं गिळली नि पंख्याचे तास तापमानाच्या जागी जाऊन बसले. केळी फणीतून गळत होती. जावई म्हणाले, "मामा, ही चूक तर पहिल्या दिवसापासूनची आहे. मग इतकी वर्षं माल टिकला कसा?"

शनिवार, ९

केवळाबाईला विचारलं. म्हणाली, "मालक, चार नंबरचं बटण रोज सकाळी मीच चौदावर आणते की. परवा तुम्ही हात लावू नको म्हणलात, म्हणून काल नाही लावला."