आप्पा काय म्हणत्यात

११ नोव्हेंबर

आप्पा पाणी मागत होते! दोन दिवस पाणी मागत होते आणि कुणाला कळलं नाही.

अतिदक्षता विभागात आत सोडत नव्हते. आज सोडलं. सिस्टर म्हणाल्या, "सारखं काहीतरी बडबडतायत. अर्धांगात होतं असं. लक्ष देऊ नका." मी कान ओठांशी नेला. नीर कोडू. नीर कोडू. पाणी दे, पाणी दे. सिस्टरना सांगितलं तर त्यांनी जीभ चावली आणि ओला बोळा आणला. आप्पांनी तो दातांतच धरला, सोडेनात.

डॉक्टर म्हणाले, नंतर शिकलेली भाषा गेली, लहानपणची राहिली. मराठी परत येईल? "येईल, नाहीही येणार. आत्ता काही सांगता येत नाही."

आप्पांची लहानपणची भाषा कानडी. जतच्या पूर्वेला, मेंढरांमागे हिंडणारं घर. कोयनानगरला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात लागले तेव्हा बाकीचे कारकून त्यांच्या हेलाला हसायचे. मग आप्पांनी कानडी सोडली ती सोडलीच. घरात कधी एक शब्द नाही. मी शिकले ती मे महिन्याच्या सुट्टीत आज्जीजवळ, पुढे पुस्तकांतून. आता त्यावरच माझं पोट. कानडीतून मराठी. कादंबऱ्या कमी, खतांची माहितीपत्रकं जास्त.

आई औंधकडची. तिला कानडी ओ की ठो कळत नाही.

१५ नोव्हेंबर

आजचं वाचन: गोळ्यांच्या खोक्यातला कागद. दोन्ही बाजू. दुष्परिणाम दोनदा.

१९ नोव्हेंबर

घरी आणलं. चौघांनी खुर्चीवरून जिन्याने वर चढवलं. आप्पा मुठी आवळून, डोळे मिटून.

आई पेज घेऊन आली. आप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं, खालून वरपर्यंत. मग मला विचारलं, "ईकी यार?"

ही कोण?

आई वाटी धरून उभी. "काय म्हणत्यात गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं — "तुझं जेवण झालं का, विचारतायत."

आई मटकन खालीच बसली. "आत्ता गं बया! लगीन झाल्यापासनं ह्या माणसानं कवा इचारलं न्हाई!" पदर डोळ्यांना.

मुळात नाही ते वाक्य मी भाषांतरात कधी घालत नाही. संपादक म्हणाले जरा खुलवा, तरी नाही. यावरून भांडणं केलीत. आज घातलं. आणि पेजेचा पहिला चमचा आप्पांनी थुंकून टाकला तेव्हा म्हटलं, "गरम आहे म्हणतायत."

२४ नोव्हेंबर

माझी पुस्तकं जिथल्या तिथे पडलीत. ओट्यावर एक, उशाशी एक, पिशवीत एक — एका वेळी तीन, अशी खोड. चहाआधी मूळ कानडीतली चार पानं मोठ्याने वाचायची, मग त्याच दमात मराठीतलं कुणाचंही चांगलं पान, कान जागा राहावा म्हणून. कॉलेजपासूनची सवय. मोडली.

आज ठरवून आप्पांच्या खाटेशी बसले. हातात घेतलेली कादंबरी वाचायला लागले. आप्पांनी बराच वेळ ऐकलं. मग वैतागून म्हणाले, हा कोण मास्तर? का ओरडतोय?

हसले! किती दिवसांनी.

खरंच आहे. माझी कानडी छापील. त्यांची रानातली. मेंढरू बसायच्या आधी पायाने जागा उकरतं, त्याला आप्पांकडे एक शब्द आहे. माझ्या शब्दकोशात नाही. असे कितीतरी. म्हणजे या माणसाच्या आत एवढं सगळं होतं आणि आम्हाला त्यातलं काहीच दिलं नाही.

३० नोव्हेंबर

आता थांबता येत नाही.

आप्पा म्हणाले, हिला सांग मला हात लावू नको. मी सांगितलं — तुझे हात गार पडलेत, ऊन पाण्यात घाल म्हणतायत.
आप्पा म्हणाले, हिने माझं धोतर लपवलंय. मी सांगितलं — हिरवी साडी तुला शोभते.

आईने संध्याकाळी हिरवी साडी नेसली. खालच्या मजल्यावरच्या काकूंना जिन्यातच धरून सांगत होती, "मराणाच्या दारातनं माघारी आल्यावर मानूस लय बदाललं बगा. माझ्यावाचून करमत न्हाई त्यास्नी."

मी दिवाळी अंकांना कथा पाठवते. बऱ्याच परत येतात. "पात्रं जिवंत वाटत नाहीत." हे एक पात्र मात्र चांगलंच जिवंत झालंय. आई ते अख्ख्या बिल्डिंगला दाखवते आहे.

३ डिसेंबर

एक ओळही नाही. संपादकांचा फोन वाजला, वाजू दिला.

८ डिसेंबर

सूरज आला सांगलीहून. भाऊ म्हणून चांगला, पण कुठल्याही गोष्टीचा निकाल लावायची घाई. "पल्लूताई, आईच्या हाताकडं बघितलंस का?"

बघितलंय. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. अंग पुसताना आप्पा तिला नखं मारतात. का नाही मारणार? कोणीतरी परकी बाई रोज कपडे काढते.

सूरज म्हणाला, मिरजेजवळ एक जागा आहे, चांगलं सांभाळतात, ठेवू. आई उसळली. "ठिवायचं? माझ्या हातचं सोडून त्ये कुनाचं खायाचं न्हाईत. इचार तुज्या बहिनीला! रोज काय काय बोलत्यात माझ्यासंगं, तिला ठावं हाय."

दोघं माझ्याकडे बघत राहिले.

"हो," मी म्हटलं.

सूरज जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी ज्योतिबाकाकाला घेऊन येतो. आप्पांना बोलायला कुणीतरी पाहिजे."

ज्योतिबाकाका — आप्पांचे चुलतभाऊ. गावाकडेच राहिले. दोन्ही भाषा सारख्याच बोलतात.

१२ डिसेंबर

आईला आधीच सांगावं. आज दोनदा तोंड उघडलं. ती तांदूळ निवडत आप्पांशी एकटीच बोलत होती. "मला म्हायती हाय, समदं कळतंय तुमास्नी." काय सांगू?

१५ डिसेंबर

काकांना पाहून आप्पा लहान मुलासारखे रडले. मग दोघं सुटलेच. कुठलं रान, कुठला ओढा, कुणाचा कुत्रा. आप्पांचा चेहरा असा मी कधी बघितलाच नव्हता. मला निम्मं कळत नव्हतं, इतकं भरभर. एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं ते कळलं. मनिगी होगूणू. घरी जाऊया.

आई चहा घेऊन आली. हिरवीच साडी. आप्पांचा आवाज चढला.

"काय म्हणत्यात?" आईने विचारलं, हसतच.

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "वैनी, त्यो तुमास्नी वळखत न्हाई. म्हन्तोय ही बाई कोन हाय, हिला हितनं घालवा. अंगाला झटती म्हन्तोय. भ्या वाटतंय त्याला तुमचं." आणि मग त्यांनाच कळलं काहीतरी चुकलं. "आवं, आजारी हाय त्यो. तुमी मनावर घिऊ नगा."

आईने काकांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"पयल्यापासनं?"

"हो."

तिने कप काकांच्या पुढ्यात ठेवला. कपाचा कान त्यांच्या हाताकडे वळवला. "साखर बरुबर हाय का बगा," म्हणाली. आत गेली.

१७ डिसेंबर

आई माझ्याशी बोलत नाही. आप्पांशीही नाही. कामं सगळी करते. आप्पांची नखं सोसते, हात मागे घेत नाही.

आज भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता: "तू ती पुस्तकं करतीस, ती बी आशीच का?"

१८ डिसेंबर

दिवसभर जुनी भाषांतरं काढून मुळाशी लावून बघत होते. ओळीला ओळ. ठीक आहेत. सगळी ठीक आहेत. तिला ते कसं दाखवणार?

२२ डिसेंबर

सकाळी अंग पुसायची वेळ. आई पाण्याची बादली घेऊन दारातच थांबली.

"त्यास्नी सांग, ही बाई कामाला ठिवलीया. अंग पुसनं, धुनं, जेवान. घरातली न्हाई."

"आई, काय बोलतेस!"

"सांग म्हन्ते न्हवं. आन् जसंच्या तसं. येक सबुद हिकडचा तिकडं करू नगंस."

केलं. आयुष्यात इतकं सरळ, इतकं बिनचूक भाषांतर केलं नसेल. कामाची बाई. पगारावर. घरातली नाही.

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मला विचारलं, कुणी ठेवली? मी म्हटलं, मी. विचार केला त्यांनी. मग मान हलवली. आणि आवळलेली मूठ सोडून हात तिच्यापुढे केला — पूस म्हणून.

आई पुसत होती. वाकलेली. मंगळसूत्र तिने ब्लाउजच्या आत सारलं होतं. आधीच, बाहेर येतानाच.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

२६ डिसेंबर

नखं मारत नाहीत आता. पोटभर जेवतात. सूरजला फोन केला, मिरजेचं नाव काढू नको म्हटलं. "काय जादू केलीस?" मी नाही रे.

कादंबरीची शेवटची प्रकरणं पाठवली. संपादक म्हणाले, नायिकेची आई जरा कोरडी वाटते, एखादं वाक्य घाला ना. नाही म्हटलं.

३१ डिसेंबर

आई आप्पांजवळ बसते, पण गप्प. बोल की, म्हटलं. म्हणाली, "कामाची बाई काय बोलनार?"

५ जानेवारी

आई पाय पुसून उठायला लागली तर आप्पांनी तिचा पदर धरला. मला म्हणाले, ईकीन्न कळसब्याड. हिला पाठवू नको. ही जवळ असली की भ्या वाटत नाही.

"काय म्हणत्यात?" कित्येक दिवसांनी विचारलं तिने.

जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आईने पदर हळूच सोडवून घेतला. "पुरं गं आता," म्हणाली. "खोटं नगं."