आमच्या पाळकांना खबर कोण देतं?

देवळी,
ता. ९ मार्च १९९९

तीर्थरूप श्रीनिवासदादांना धाकट्या सदाशिवचा ख्रिस्तात सप्रेम सलाम.

इकडे प्रभूच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत. तिकडे हिंगणघाटला तुम्हीही ठीक असाल असं धरून चालतो, पण तशी खात्री नाही, कारण मागच्या पत्रात तब्येतीविषयी तुम्ही एकच शब्द लिहिला होता, ‘बरी’, आणि नुसतं बरी म्हणणाऱ्या माणसाचं काहीतरी दुखत असतं असा माझा अनुभव आहे. गुडघ्याला तेल लावता, की वहिनींना नुसतं ‘लावतो’ म्हणून सांगता? वहिनींची साखर किती निघाली तेही खरं कळवा. (डॉक्टर सारखं सारखं रक्त तपासायला लावत असेल तर तो तपासणीवाला त्याचा नात्याने कोण लागतो, हे एकदा सहज विचारून पाहा. मी काही म्हणत नाही, फक्त विचारा.) सुमतीची कंबर आता बरी आहे. निदान माझ्याशी भांडायला उठताना ती दुखत नाही.

आता कामाचं. नाताळात तुम्ही आला होता तेव्हा जेवणानंतर मी तुम्हाला अंगणात नेऊन आमच्या चर्चच्या नव्या पाळकांविषयी, म्हणजे प्रफुल पाळकांविषयी, दोन शब्द बोललो होतो. ईस्टरनंतर तुमच्या समितीची बैठक भरते आणि त्यात पाळकांच्या बदल्या ठरतात, तेव्हा या माणसाला देवळीहून हलवा, अशी गळ मी तुम्हाला घातली होती. तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, पुरावा आण, मग पाहू. तर तो पुरावा गोळा करण्यात माझे हे दोन-अडीच महिने गेले, आणि त्याची सगळी हकीकत या पत्रात लिहितो आहे. शेवटपर्यंत वाचा. (तुम्हाला पत्राचा शेवट आधी वाचायची सवय आहे. ती या वेळी आवरा.)

तुम्ही जाणताच की मी सारी उमर एस.टी.त कंडक्टरकी केली. माणूस गाडीत चढला की त्याच्या मानेवरून मला कळतं की हा तिकीट काढणार आहे की खिडकीबाहेर पाहत बसणार आहे. तेव्हा हा गडी पहिल्या रविवारी वेदीजवळ उभा राहिला आणि मान खाली घालून जरा जास्तच वेळ थांबला, तिथेच माझ्या मनात घंटी वाजली. त्यानंतर त्याने फर्मान काढलं की उपासनेच्या दहा मिनिटं आधी सगळ्यांनी यायचं, आपापल्या जागी डोळे मिटून गप्प बसायचं आणि अंतःकरण तयार करायचं. आता गाडी सुटायच्या आधीची दहा मिनिटं कशी असतात ते मला विचारा. रुमाल टाकून जागा धरणारे, दुसऱ्याची पिशवी हळूच पायाने सरकवणारे, सगळे त्याच दहा मिनिटांत उघडे पडतात. नेमक्या त्याच वेळी जो माणूस सगळ्यांना डोळे मिटायला सांगतो, त्याच्या मनात काय असेल? शिवाय पूर्वी या दहा मिनिटांत कोणाच्या पोरीचं जमलं, सोयाबीनला काय भाव लागला, कोणाची म्हैस व्याली, हे सगळं कळून मन कसं मोकळं होऊन उपासनेला लागायचं. आता सगळं चिडीचूप. सुलोचनाबाई तर अंतःकरण तयार करता करता घोरायला लागतात आणि त्यांची तयारी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येते.

शेवटच्या बाकावर, दाराजवळ, मी असतो. कंडक्टरची जागा तीच. आणि मी डोळे मिटत नाही. सगळ्यांनीच मिटले तर लक्ष कोणी ठेवायचं? कोण उशिरा आलं, कोणी कोणाकडे पाहिलं, हे कोणाला तरी माहीत हवं की नको? पण दादा, गंमत ऐका. समोर पाळक डोळे मिटून बसलेले, ओठ हलताहेत, आणि मधूनच एक डोळा उघडून ते थेट माझ्याकडे पाहतात. मी पाहिलं की पटकन मिटतात. चोरून प्रवास करणारा कंडक्टरकडे बघतो ना, हुबेहूब तसं.

पण हे काहीच नाही. खरा घोटाळा उपदेशात आहे. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी पोह्यांतल्या मिठावरून माझं आणि सुमतीचं वाजलं. तासाभराने पाळक उभे राहिले आणि म्हणाले की घरात तोंड वाकडं करून येणाऱ्याने देवासमोर गोड आवाजात गाऊ नये. मी त्या दिवशी गाण्यात खरोखरच बरा आवाज लावला होता. पुढच्या रविवारी बोलले ते दुसऱ्याच्या चुका मोजणाऱ्या माणसावर. त्याच्या पुढच्या रविवारी आळसावर, आणि मी त्या आठवड्यात न्हाणीची मोरी साफ करायची टाळली होती. आता मला सांगा, आमच्या न्हाणीची मोरी वडनेरहून बदलून आलेल्या माणसाला कशी कळली? कोणीतरी आतून खबर देत होतं. सुमतीला विचारलं तर म्हणाली, ‘तुमचं तोंडच दिवसभर बोलून राह्यते, पाळकाले सांगाले अजून कोण पायजे?’ हे उत्तर नव्हे. म्हणून तिचं नाव मी संशयितांत पहिलं घातलं. दुसरं नाव तानबाचं. तानबा म्हणजे आमच्या चर्चची झाडलोट करतो आणि घंटा वाजवतो तो. सगळ्यांच्या अंगणातून ये-जा, आणि तोंड कायम मिटलेलं. मिटलेल्या तोंडाचा मला फार संशय येतो.

मग मी सापळा लावला. सुमतीला सांगितलं की बसस्टँडवर मी एका म्हाताऱ्याशी उगाच उर्मट बोललो. तानबाला सांगितलं की गीतांच्या पुस्तकात मी वर्तमानपत्राची घडी ठेवून वाचतो. दोन्ही साफ खोटं. (वर्तमानपत्राचं एकदाच झालं होतं, निवडणुकीच्या दिवसांत.) म्हटलं, रविवारी उर्मटपणा निघाला तर सुमती, वर्तमानपत्र निघालं तर तानबा. आणि निघालं काय? हेवा. भावाच्या अंगावरचा रंगीत झगा पाहून ज्यांच्या पोटात दुखलं त्या भावांची गोष्ट. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. (त्याच आठवड्यात तुम्ही पुन्हा समितीवर निवडून आल्याचं पत्र मिळालं होतं. त्याचा याच्याशी काहीएक संबंध नाही. मी फक्त कोणत्या आठवड्यात घडलं तेवढं सांगतो.)

आता तर माझी झोपच उडाली. शेवटी ठरवलं की काही केलंच नाही तर कोण काय सांगणार? एक पूर्ण आठवडा मी काहीही केलं नाही. खाटेवर पडून राहिलो. कोणाशी भांडलो नाही, कोणाविषयी बोललो नाही, बाजारात गेलो नाही, सुमतीने दळण आणायला सांगितलं तर तेही आणलं नाही, न जाणो चक्कीवर काही पाप घडायचं. रविवारी छाती काढून बसलो. पाळक उभे राहिले आणि त्यांनी दाखला घेतला त्या चाकराचा, ज्याने धन्याने दिलेलं नाणं जमिनीत पुरून ठेवलं आणि जो काहीच न करता बसून राहिला. सुमती बायकांच्या बाकावरून वळून माझ्याकडे पाहून हसली. चर्चमध्ये. उपासना चालू असताना.

आणि मग कळस झाला. गुड फ्रायडेला वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, हे तुम्हाला सांगायला नको. माझं नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं. या वर्षी पाळकांनी घेतलं, आणि दिला तो पहिला उद्गार, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हा, क्षमेचा. वर हळूच म्हणाले, ‘सदाशिवराव, मुद्दे कमी काढा, पण मन तयार करून या.’ मलाच क्षमा का? मला ‘मला तहान लागली आहे’ हा, तहानेचा, द्यायला हवा होता. देवळीच्या उन्हाळ्यात भर दुपारी खच्चून भरलेल्या गाडीत जो तिकिटं फाडत उभा राहिला, त्याच्याइतका तहानेवर बोलायचा अधिकार कोणाला आहे? तो दिला निकेशला, जो बँकेत पंख्याखाली बसतो आणि गळ्यात पाण्याची बाटली अडकवून फिरतो. मी ओळखलं. मला उभं करून सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचा हा बेत आहे.

म्हणून परवाच्या शनिवारी दुपारी उद्गार बदलून मागायच्या निमित्ताने मी चर्चकडे गेलो. खरं निमित्त वेगळं होतं. शनिवारी दुपारी पाळक एकटे चर्चमध्ये असतात असं कळलं होतं, आणि खबर पोचवायला त्याहून चांगली वेळ कोणती? दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज येत होता. म्हटलं, सापडला. माझ्या चपला वाजतात, म्हणून त्या काढून हातात घेतल्या आणि फटीतून पाहिलं.

आत दुसरं कोणीच नव्हतं. पाळक पहिल्या बाकावर बसले होते, वेदीकडे तोंड करून, आपण बसतो तसे. जरा वेळ काही पुटपुटले आणि उठून दुसऱ्या जागी बसले. तिथे सुलोचनाबाई बसतात. तिथे बसून सुलोचनाबाईंच्या मुलाचं नाव घेतलं, तो नागपूरहून येत नाही म्हणून. मग निकेशच्या जागी बसले, मग सुमतीच्या. असे एकेकाच्या जागी बसत बसत माझ्या बाकावर आले. माझ्या जागी, दाराजवळ, माझ्यापासून हातभर अंतरावर. पाठ माझ्याकडे. मी श्वास धरला. दादा, हा माणूस उपदेश करताना कसा पुस्तकातलं बोलतो ते तुम्ही ऐकलं आहे. पण तिथे तो आपल्या अंगणात बोलतात तसं बोलत होता. म्हणाला, ‘देवा, हितं बसते त्या माणसाचं मले भेव लागते. तो डोये उघडे ठेवून मले मोजून राह्यला असं वाटते. मी त्याले आवडत नाई. माह्याही मनात त्याचा राग हाय. हा राग घेऊन मी उद्या उभा राह्यलो, तं ते माह्यं बोलणं होईन, तुह्यं नाई. म्या आळसावर बोललो तं माह्याच आळसावर बोललो. सोबतच्या पाळकाले मोठं चर्च भेटलं म्हणून जळलो, तं हेव्यावर बोललो. आता हा राग पयले काढ, मंग मले उभा कर.’

वाईट वाटलं, दादा. खरंच वाईट वाटलं. मी इतके दिवस शोधत होतो की माझी खबर त्याला कोण देतं, आणि तो बिचारा दर शनिवारी स्वतःचीच झडती घेत होता. आणि त्याला माझी भीती वाटते. माझी भीती फक्त फुकट्या प्रवाशांना वाटते असं मी आजवर समजत होतो. उद्गार बदलून मागायचं राहूनच गेलं. अनवाणीच रस्त्यापर्यंत आलो. पाय भाजले तेव्हा चपला घातल्या.

रविवारी मी दहा मिनिटं डोळे मिटले. किती जण आले, कोण उशिरा आलं, मला विचारू नका, मला माहीत नाही. उपदेश झाला तो माणसांशी तुटक वागण्यावर, आणि मला तो कुठेही लागला नाही, याचं उलट जरा वाईट वाटलं. पण बाहेर आल्यावर सुलोचनाबाईंनी मला कोपऱ्यात गाठलं. म्हणाल्या, ‘सदाशिवभाऊ, माह्या घरचं पाळकाले तुमीच सांगता ना? सारे तेच म्हणून राह्यले. सारे डोये मिटते अन् तुमीच तेवढे उघडे ठेवता.’ दादा, इतके दिवस अख्खी मंडळी खबऱ्या शोधत होती आणि सगळ्यांचं बोट माझ्याकडे होतं.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. साखर खरी कळवा.

तुमचा धाकटा,
सदाशिव

ता.क. : नाताळात मी अंगणात जे बोललो ते समितीत काढू नका. काढलं असेल तर गैरसमज झाला म्हणा. सदाशिवला अंगणात कमी ऐकू येतं म्हणा, बोलणारा मीच असलो तरी.

ता.क. २ : क्षमेच्या उद्गारावर मागे तुम्ही हिंगणघाटला बोलला होता तेव्हा बायका रडल्या होत्या म्हणे. त्यातलं थोडं पाठवा असं लिहिणार होतो. नका पाठवू. माझं मीच पाहतो. शनिवारी दुपारी चर्चमध्ये जाऊन बसायचं ठरवलं आहे, तुमच्या वाट्याला आलेल्या त्या रंगीत झग्यापासून सुरुवात करावी म्हणतो.

ता.क. ३ : सुमती म्हणते, पत्र लिहिलंत तर सगळं लिहा. म्हणून लिहितो. त्या शनिवारी मी मागे सरकत होतो तेव्हा पाळक तसेच, वळून न बघता, डोळे मिटलेले, म्हणाले, ‘सदाशिवराव, जातानी दार लोटून घेजा, कुत्रं येते.’ चपला हातात होत्या, दादा. श्वास धरलेला होता. मग याला कळलं कसं? आणि कधीपासून माहीत होतं? ते सगळं मला ऐकू यावं म्हणून तर बोलला नाही? मला दाट संशय आहे. याचा छडा लावायला वेळ लागेल, आणि त्यासाठी माणूस नजरेसमोर हवा. तेव्हा काहीही करा, पण त्याला निदान पाच-सहा वर्षं देवळीतून हलू देऊ नका.