रतिलालभाऊंची फाइल

३ मे
जळगावात पोहोचले. फ्लेक्सच्या दुकानात डिझायनरची नोकरी. मालक सुरेशचंद शेठ गोड बोलतात, आल्या आल्या चहा पाजला. पाचोऱ्यात लग्नपत्रिका जुळवून जुळवून डोळे गेले, तेव्हा दगडापेक्षा वीट मऊ. इथे वाढदिवस आणि श्रद्धांजली, दोनच मोठी गिऱ्हाइकं. माणूस तोच, बऱ्याचदा फोटोही तोच. फक्त केकच्या जागी समई येते. राहायला दुकानावरचीच खोली आहे, पंखा जोरात फिरतो. जळगावच्या मे महिन्यात आणखी काय हवं. घरी फोन केला. धाकटा भाऊ पियुष म्हणाला, आता माझा वाढदिवसाचा फ्लेक्स फुकटात ना, मोहिनीताई? हो म्हटलं.

५ मे
कॉम्प्युटर गच्च भरलाय. शेठ म्हणाले, जुनं सगळं पुसून टाक. पुसलं. एकच फाइल जाईना: रतिलालभाऊंची श्रद्धांजली. माझ्याआधी या खुर्चीवर तेच बसायचे, मागच्या महिन्यात वारले. डिलीट केलं की उत्तर येतं, फाइल दुसरीकडे उघडी आहे, आधी ती बंद करा. कुठे, ते सांगत नाही. कचेरीतल्या साहेबासारखं.

७ मे
हट्टी फाइली पुसणारं एक सॉफ्टवेअर नेटवरून उतरवलं. फुकट ते पौष्टिक. फाइल कोणी धरून ठेवलीय तेही ते दाखवतं. तिथे नाव आलं, रतिलाल. त्यांचं लॉगिन राहिलं असेल. ‘अनलॉक’ दाबलं, मग डिलीट. गेली. दमून लवकर झोपले.

८ मे
फाइल परत आलीय. आता तिच्यात ना नाव, ना फोटो. नुसती रिकामी चौकट, हार आणि समई. पुन्हा पुसत बसायचा कंटाळा आला. उद्या पियुषचा वाढदिवस, आणि चौकट तर छान आहे. तिच्यातच त्याचा फोटो बसवला, हार काढून फुगे टाकले, फ्लेक्स छापून पाचोऱ्याच्या एसटीत दिला.

१० मे
सकाळी फाइल उघडली. फुगे नाहीत. हार आहे, समई आहे. मध्ये पियुष हसतोय आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मी हे केलेलं नाही.
दुपारी आईचा फोन. म्हणाली, काल केक कापा तव्हापासून त्याले ताप येल शे.

११ मे
दुसरं सॉफ्टवेअर आणलं. तिसरं आणलं. रीस्टार्ट होताना पुसतो म्हणणारंही. पियुषचा फोटो काढला की पुन्हा येतो. कोणी धरलंय, विचारलं तर ओळ कोरी. पियुषला दवाखान्यात ठेवलंय. मला फार भीती वाटतेय.

१२ मे
शेठना विचारलं, रतिलालभाऊ कशाने गेले. धडधाकट होता, म्हणाले. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्यानेच केला, मग तीच आजारी पडली. एका दुपारी त्याने श्रद्धांजलीत स्वतःचाच फोटो बसवला. असली थट्टा करतात का, म्हणून शेठ रागावले. मुलगी उठून बसली. आणि तो —
फाइल रतिलालभाऊंनी धरून ठेवली होती. मी सोडवली.

१३ मे
पियुष कोणाला ओळखत नाही. चौकटीत मेलेल्यांचे फोटो बसवून पाहिले. टिकत नाहीत. जिवंत माणूसच लागतं. शेठचा फोटो समोरच होता — हात धजला नाही. माझा आधार कार्डाचा बसवला.
टिकला.

१४ मे
आई म्हणाली, ताप उतरी गया. भाकरी मागितली त्याने. खूप रडले.
जिना चढवत नाही. सॉफ्टवेअरला विचारलं, कोणी धरलंय. मोहिनी.

१६ मे
अंगात त्राण नाही. धरून ठेवायचं, एवढंच —
खाली नवा डिझायनर आलाय. हाक मारली, आवाज फुटत नाही. शेठ त्याला सांगतायत, एक फाइल काही केल्या जात नाही. तो म्हणतोय, त्यात काय शेठ, फुकटात मिळतं एक —